आकाशातला सालगडी

निरवांगीच्या कुशाबाईला त्या मालिकेतलं एकूण एक माणूस ठाऊक होतं, पण मालिका तिनं एकदाही पाहिलेली नव्हती. मोबाईलच्या तळहाताएवढ्या काचेत बघायचं तर डोळ्यातला मोतीबिंदू आडवा यायचा. त्यातून ती माणसं बोलायची हिंदीत, आणि तेही मागं कुत्रं लागल्यागत. कुशाबाईनं जे पाहिलं ते कानानं पाहिलं. द्राक्षाच्या मांडवाखाली, सुप्रियाच्या तोंडून.

सुप्रिया म्हणजे बागेत कामाला जाणाऱ्या बायांच्या टोळीतली सगळ्यात तरणी पोर. नवरा बारामतीच्या एमआयडीसीत, दुधाच्या कारखान्यात. तो दिवस उगवायच्या आत मोटरसायकलवर टांग टाकून जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्याची वाट बघत सुप्रिया भाकरी थापायची, आणि पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून रोज एक भाग बघायची. दुसऱ्या दिवशी तो भाग टोळीला सांगायची.

थिनिंगचं काम असं, की मांडवाला लोंबणाऱ्या घडातले बारके मणी कात्रीनं काढून घड विरळ करायचा. दिवसभर मान वर आणि हात वर. रिकामं राहतं ते तोंड. आधी टोळीत सासवा-सुनांची उणीदुणी निघायची. ती सगळ्यांची सांगून संपली, तेव्हा सुप्रियानं मालिकेतलं हे जहाज काढलं.

"पृथ्वी सोडून निघाल्यात," ती म्हणाली. "गावाएवढं जहाज. लई लांब जायचंय. निघालेली माणसं म्हातारी हुत्याली, तवा पोचायचं."

"पाण्यातलं का इमानातलं?" नकोशीनं विचारलं. नकोशीची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारेची.

"तितं पाणी न्हाय का वारा न्हाय."

"मग चालतंय कशावर?"

"काय की बया. उसावर चालत न्हाय एवढं नक्की."

टोळी हसली. कुशाबाई हसली नाही. ती विचार करत होती, की एवढी माणसं घर सोडून निघाली, त्यांच्या हातावर दही कुणी घातलं असंल?

तिचं हे असंच. साठी उलटलेली, अंगानं वाळलेल्या शेंगेसारखी. पण एखाद्याचं म्हणून मनावर घेतलं, की त्याच्या चुलीपर्यंत जाऊन यायची. जहाजातल्या माणसांची नावं इंग्रजी, कुणाच्याच जिभेवर बसेनात. म्हणून टोळीनं त्यांना आपली नावं दिली. दाढीवाला मुख्य माणूस तो कप्तान. एक डॉक्टरीण. आणि जहाजातच जन्मलेली, मातीला कधी पाय न लागलेली एक पोर. तिला नुसतंच 'पोर'.

डॉक्टरीण कुशाबाईला पहिल्यापासून पसंत नव्हती. "सगळं कच्चंच खाऊन जगत्यात म्हणतीस. मग हिला दिवसभर काम काय? चूल न्हाय, भांडी न्हाईत. म्हणून तर येता-जाता लोकांची नाडी धरती." पोरीचा मात्र तिला घोर लागला. एक दिवस कात्री थांबवून तिनं विचारलं, "सुप्रे, त्या पोरीची पाचवी पुजली असंल का गं?"

"आकाशात कुठली पाचवी, आत्या?"

"तसं न्हवं. पाचव्या दिशी सटवाई येती, कपाळावर लिवून जाती. ती एवढ्या लांब पोचली असंल का?"

कुणाच्याच मनात हे आलं नव्हतं, आणि आता प्रत्येकीला ते कोरं कपाळ दिसायला लागलं. शेवटी नकोशी म्हणाली, "पोचली नसंल तर बरंच झालं की. आपल्या कपाळावर लिवून काय मोठा उजेड पाडलाय तिनं?"

पण कुशाबाईचा खरा जीव जडला तो यंत्रमाणसावर.

त्या जहाजात एक मळा होता. दिव्याच्या उजेडावर पिकणारा. मळ्यात एक लोखंडाचा माणूस राबायचा. माणसं झोपायची, खेळायची, भांडायची. हा पाणी द्यायचा, रोपं लावायचा, पिकलेलं खुडून नेऊन द्यायचा. झोपायचा नाही. खायचा नाही. कुणी 'हे कर' म्हटलं, की 'बरं' म्हणायचा.

"म्हंजी सालगडीच की त्यो," कुशाबाई म्हणाली.

"आत्या, मशीन हाय त्ये."

"राबतंय कोण? त्योच न्हवं? मग गडीच. त्येला कापडं-पायताण काय देत्यात?"

सालगडी म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला माणूस. वर्षाचं धान्य, ठरलेली रक्कम, एक धोतरजोडी, एक पायताण. पाडव्याला मालकाच्या ओसरीवर पुरणपोळीचं ताट मांडायचं, गड्यानं पोटभर जेवायचं, आणि मग पुढचं साल राहायचं का उठायचं ते तोंडावर बोलून मोकळं व्हायचं. अधेमधे गड्यानं सोडायचं नाही आणि मालकानं काढायचं नाही. कागद नाही का अंगठा नाही, पण रीत पक्की.

कुशाबाईला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. तिचा नवरा दत्तोबा वडगाव निंबाळकरच्या एका बागायतदाराकडं ऐन उमेदीची सालं राबला. मग मालकानं ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टरला हार घालायला दत्तोबाच पुढं होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, ऐन माघात, मालक म्हणाला, "दत्तोबा, उद्यापासनं नगं येऊस. पाडव्याला ये, मग बघू." पाडव्याला दत्तोबा धुतलेलं धोतर नेसून गेला. फाटकाला कुलूप. घरची सगळी लग्नाला गेलेली. दुपारी तो परत आला, "जेवून आलो," म्हणाला, आणि कुशाबाई पाण्याला गेली तेव्हा शिंक्यातली शिळी भाकरी खाऊन भिंतीकडं तोंड करून पडला. तिनं भाकरी मोजली नव्हती, पण शिंकं हलत होतं.

त्यावर दोघं कधी बोलली नाहीत.

आता संध्याकाळी घरी आल्यावर कुशाबाई दत्तोबाला जहाजाचं सांगायची. तो शेळीच्या दाव्याला पीळ देत ऐकायचा. "मशीनला काय कळतंय," एवढंच म्हणायचा. पण एखाद्या दिवशी ती सांगायची विसरली, तर स्वतःच खाकरायचा. "आज काय केलं तुझ्या लोखंड्यानं?"

दसऱ्यानंतर कुशाबाईचा उजवा खांदा धरला होता. आधी नुसती ठसठस. मग हात कानाच्या वर जाईना. डावा पंजा उजव्या कोपराखाली लावायचा आणि ढकलून वर न्यायचा. तोवर पुढची बाई चार घड करून मोकळी. खालचे घड ती करायची, वरचे राहायचे. नकोशी शेजारच्या ओळीतनं हात घालून तिचे वरचे घड उरकायची, आणि वर टोमणा मारायची, "म्हातारे, तुझ्या ओळीतलं मणी गोड हायत म्हणून येती हं मी." दोघींनाही ठाऊक होतं. बोलायचं नव्हतं.

आणि अशातच सुप्रियानं सांगितलं, की जहाजात वजनच नाही.

"माणूस तरंगतंय आत्या. पाय जमिनीला ऱ्हात न्हाईत. हात सोडला तर खाली येतच न्हाय. आपसूक वर जातोय."

कुशाबाईची कात्री थांबली. "आपसूक?"

"व्हय की."

"आन् दुखत न्हाय?"

"दुखंल कशाला? वजनच न्हाय म्हटल्यावर."

त्या दुपारी भाकरी खाऊन टोळी मांडवाखाली आडवी झाली. कुशाबाईनं पोत्यावर पाठ टेकली आणि वर बघत राहिली. पानापानांतनं ऊन गळत होतं. बारीक बारीक भोकं, दिवसाच्या चांदण्यागत. हिरवा उजेड अंगावरनं पाण्यासारखा हलत होता. मग तिला वाटलं, मांडवाच्या तारा एकेक करून सुटत्यात. खांब भुईतनं अलगद निघाले, मुळ्यांची माती झडली आणि अख्खी बाग वर उठली. आवाज नाही का धक्का नाही. खाली नीरेचं पात्र वाकडंतिकडं, चुन्याच्या बोटागत. उसाची रानं गोधडीच्या ठिगळांसारखी. साखर कारखान्याचं धुराडं, पेटलेल्या विडीएवढं. आणि कुशाबाईचा उजवा हात उठला. कुणी ढकलला नाही. तो सरळ वर गेला, घडाशी जाऊन थांबला, आणि बोटं आपली आपण मणी टिपायला लागली. दोन ओळी सोडून पलीकडं तो गडी उभा होता. तोंडाच्या जागी घासलेल्या पातेल्याच्या बुडासारखं चकचकीत काहीतरी. त्यानंही हात वर केलेले. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि परत कामाला लागले. राबणाऱ्या माणसांनी एकमेकाला दिवसाढवळ्या राम राम कशाला घालायचा!

"उठा, आत्या," रोहिणीनं हाक मारली. रोहिणी टोळीची मुकादम. मालकाशी बोली करायची, बाया जमवायची आणि कामाला उणं आलं तर शिव्या खायची, सगळं तिच्याकडं. "मालक यायल्यात."

बागेचे मालक विजयसिंह ओळीओळीतनं हिंडले. माणूस तोंडाचा वाईट नव्हता. कुशाबाईच्या ओळीत मात्र थांबले, वर बघितलं, एक घड बोटानं उचलून धरला आणि पुढं गेले. बांधावर जाऊन रोहिणीशी काहीतरी बोलले. रोहिणी मान हलवत राहिली.

सुट्टी झाल्यावर रोहिणी कुशाबाईजवळ आली. तिची नजर चपलेवर. "आत्या, जरा आराम करा म्हंते मी. खांदा दुखतोय तुमचा. घड औषधात बुडवायचं डिपिंग निघालं की सांगावा धाडते. बघू."

कुशाबाई "बरं" म्हणाली. पण घरी येईपर्यंत तो 'बघू' पायात काट्यासारखा मोडून बसला. माघातला 'बघू' तिच्या चांगला ओळखीचा होता.

तिला काम सुटण्याचं भय नव्हतं. कधीतरी सुटणारच, हाड काय सागाचं नाही. पण आपल्या घरात कुणीतरी एकदा, एकदाच, पुरा हंगाम भरून, स्वतःच्या तोंडानं 'येते' म्हणून उठावं, असं तिच्या मनात होतं. दत्तोबाला ते मिळालं नव्हतं. रोहिणीनं सांगावा धाडला असता का नसता, देव जाणे. कुशाबाईनं वाट बघितलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोळीच्या पिकअपजवळ जाऊन उभी राहिली आणि कुणी काही म्हणायच्या आत आत चढून बसली.

त्या दिवशी जहाजावरही विपरीत घडलं. बॅटऱ्या संपत आल्या. पोचायला अजून अवकाश. कप्तानानं सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, गड्याला बंद करायला लागंल. त्याला लई वीज लागती.

"आन् डॉक्टरीण?" कुशाबाई कडाडली. "तिला न्हाय लागत वीज? दिवसभर आरशाम्होरं दिवं लावून बसती ती!"

"ती माणूस हाय, आत्या."

"असंल. पर साल पुरं व्हायच्या आधी गड्याला काढत न्हाईत. कप्तानाला आई-बापानं काय शिकवलं का न्हाय?"

घरी जाऊन तिनं दत्तोबाला सांगितलं. दत्तोबाचं दावं हातातच राहिलं. मग तो हसला. कितीतरी वर्षांत असा हसला नव्हता. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"हसताय काय?"

"तसं न्हवं गं. मला टॅक्टरनं काढलं. आता टॅक्टरलाच काढाय लागलं, व्हय?" त्यानं डोळे पुसले, आणि शेळीकडं बघत म्हणाला, "ठेवतोय का काढतोय, उद्या सांग मला."

उद्या उजाडला, तर सुप्रिया म्हणाली, नेट नव्हतं. त्यानंतरच्या दिवशी म्हणाली, मोबाईल पडला. ती काहीतरी दडवतेय हे तिच्या डोळ्यांतच दिसत होतं; नकोशीला तिनं पाणी पिताना काहीतरी सांगितलं आणि नकोशीसुद्धा गप झाली. नकोशी गप म्हणजे गावात मयतच.

तिसऱ्या दिवशी कुशाबाईनं विचारलं, "काढला का गं गडी?"

"न्हाय आत्या," सुप्रिया घाईनं म्हणाली. "वाचला. नवी बॅटरी बसवली त्येला. आता चांगला हाय. उतरले सगळे."

कुशाबाईनं एक घड केला. दुसरा केला. मग म्हणाली, "सुप्रे, बॅटरी संपल्यात म्हणूनच त्येला काढाय निघालं हुतं. मग नवी आणली कुठनं? इंदापूरच्या बाजारातनं?"

कुणी हसलं नाही.

"खरं सांग. म्या काय बाळंतीण न्हाय, भिऊन दूध आटायला."

मग सुप्रियानं सांगितलं. कप्तान मळ्यात गेला. गडी रोपांना पाणी देत होता. कप्तान म्हणाला, जरा झोप. पोचलो की उठवतो. गडी म्हणाला, बरं. पाण्याची नळी नीट गुंडाळून ठेवली, भिंतीला टेकून बसला आणि कप्तानानं मानेमागची कळ दाबली.

"मग? उठवला?"

"न्हाय. पोचले. उतरले. मोकळं रान, लख्ख ऊन, ती पोर मातीत नाचतीया... त्यो वर जहाजातच ऱ्हायला. कुणी नावबी काढलं न्हाय."

मांडवाखाली नुसता कात्र्यांचा आवाज. कुशाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. ती रडायच्या वळणाची बाईच नव्हती.

"काढला तर काढला," ती म्हणाली. "जहाजच बुडायचं म्हटल्यावर कुणीबी काढील, म्याबी काढला असता. पर 'उठवतो' कशाला म्हणाला? त्येला तोंडावर सांगायचं हुतं. त्यो काय न्हाय म्हणणार हुता? त्यो 'बरं'च म्हणाला असता. एक डाव जेवाय बसवायचं, पुढ्यात बसायचं आन् सांगायचं." मग म्हणाली, "त्या लोखंड्याचंबी चुकलं. त्येनंबी इचारायचं हुतं."

तिनं कात्री पदराला पुसली आणि ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या रोहिणीकडं चालत गेली. सगळ्यांच्या कात्र्या थांबल्या.

"रोहिणे, मला 'बघू' म्हणू नगंस. काय हाय त्ये तोंडावर बोल."

रोहिणीनं इकडं तिकडं बघितलं. मग तीही एकदाची मोकळी झाली. "हात वर जात न्हाय तुमचा, आत्या. मालक माझ्या तोंडाकडं बघत्यात. तुमचं वरचं घड नकोशी करती, तिची ओळ मागं पडती. किती दिस झाकू मी?"

"न्हायच जात वर. खरं हाय. आता वर जायचंबी न्हाय त्यो. पर हंगाम पुरा केल्याबिगार मी उठत न्हाय. खाली बसून काय काम असंल त्ये दे. डिपिंगला औषधाचं मग भरून देते. माल निघाला की पॅकिंगला बसते, फुटकं मणी टिपते. पाडव्यापातुर. पाडव्याला माझं मी सांगीन, तू सांगायचं न्हाय."

"हजेरी अर्धी पडंल."

"पडू दे."

रोहिणीनं पदर खोचला. "मालकाला मी बोलते," म्हणाली. आणि मग, मुकादमाला शोभेल अशा खणखणीत आवाजात ओरडली, "काय गं, तमाशा लागलाय व्हय? चालवा की हात!"

कुशाबाईनं बोलल्याप्रमाणं केलं. डिपिंगला बादलीशेजारी बसून औषधाचे मग भरले. फाल्गुनात माल निघाला, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये मांडी घालून घडातले तडकलेले मणी टिपले. मांडीवरच्या कामाला उजवा हात कुठंच कमी पडला नाही. सुप्रियानं दुसरी मालिका धरली होती; त्यात भुतं होती. कुशाबाईला ती रुचली नाही. "भुतं गावातबी हायत," म्हणाली. काम करता करता मात्र कधी तिचे हात थांबायचे, आणि शेडच्या पत्र्यातल्या भोकांकडं बघत ती कुठंतरी जायची. कुणी हाक मारत नव्हतं. टोळीला ठाऊक होतं, म्हातारी वर गेलीय, येईल खाली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटचं क्रेट गाडीत चढलं. कुशाबाई कमरेवर हात देत उठली.

"रोहिणे, उद्या पाडवा. माझं साल भरलं. येते मी."

रोहिणी म्हणाली, "थांबा की आत्या. वडगावला एक बाग हाय अजून, मागास छाटणीची, उशिरा निघणारी. पॅकिंगला बसा."

कुशाबाईला आतनं इतकं बरं वाटलं, की तिनं ते तोंडावर येऊ दिलं नाही. "न्हाय," ती म्हणाली. "बोलीचं काम बोलीनं."

पाडव्याला दत्तोबानं गुढी उभारली. तांब्या तिनं राखेनं घासून लख्ख केलेला. काठी उभी करायला मात्र तोच, कारण तिचा हात तेवढा पोचत नव्हता. पुरण शिजलं, पोळ्या झाल्या. कुशाबाईनं दत्तोबाचं ताट वाढलं. स्वतःचं वाढलं. आणि मग तिसरं ताट मांडलं. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई, सगळं जिथल्या तिथं.

दत्तोबानं बघितलं. "कोण येणार हाय?"

"कोण न्हाय. त्या गड्याचं हाय."

"कुठल्या?"

"वर ऱ्हायलाय त्यो."

पोळीवर तुपाची धार पडली, दत्तोबानं घास मोडला, सावकाश जेवला. बाहेर अंगणात गुढीच्या काठीवर पालथा तांब्या उन्हात चमकत होता, घासलेल्या पातेल्याच्या बुडासारखा. वारा आला की गुढीची साडी हलायची आणि तांब्या कुणीतरी मान वळवल्यासारखा घरात डोकवायचा.

स्वतःचं ताट पुसून झालं. मग दत्तोबानं हात लांब करून ते तिसरं ताट आपल्यापुढं ओढलं.

"अवं!"

"त्येच्या वाटचं म्या खाल्लं तर त्येला राग येणार न्हाय," तो म्हणाला. "आमचं दोघांचंबी मालक एकाच वळणाचं. आन् माझंबी एक ताट कुठंतरी ऱ्हायलंय."

एवढं बोलून तो खाली मान घालून जेवायला लागला. कुशाबाई तिथंच बसून राहिली, गुडघ्यावर हात ठेवून. शिंक्याकडं तिची नजर गेली; आज ते हलत नव्हतं.

पोळी संपत आली, तेव्हा दत्तोबानं ताट पुढं सरकवलं.

"वाढ आनखी एक," म्हणाला. "माणूस लई लांबनं आलंय."